अठरा की एकोणीस

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

मुख्याध्यापिका मिसेस टॉलिव्हर आज स्वतः घरी आल्या. विन्सला जाऊन साडेसहा आठवडे झाले. शाळेच्या मैदानाला त्याचं नाव द्यायचं ठरलं आहे. १२ ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी, सामना सुरू होण्याआधी पाटीवरचं कापड मी ओढायचं आणि पाच मिनिटं बोलायचं.

मी म्हटलं, "मला भाषण येत नाही."

"भाषण नकोच आहे. त्यांचा एखादा डाव सांगा. घरच्या माणसाने सांगितलेलं लोकांना आवडतं."

मी हो म्हटलं. त्या गेल्यावर लक्षात आलं की मला विन्सचा एकही डाव माहीत नाही. बेचाळीस वर्षं संसार झाला, त्यातली तेहतीस तो शाळेच्या संघाचा कोच होता, आणि चेंडू हातात धरून पळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणतात हेही मी कधी विचारलं नाही. सामन्याला गेलेच तर थंडीत कॉफीचा कप धरून शेजारणीशी बोलत बसायचे. विन्सही कधी 'ये' म्हणायचा नाही. म्हणायचा, "तू जमिनीचे कागद वाच, मी पोरं पळवतो."

जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात मी एकतीस वर्षं जुनी खरेदीखतं वाचली. ती भाषाही सुरुवातीला कळत नसे. ही पण कळेल.

५ सप्टेंबर

विन्सच्या डावांच्या वह्या काढल्या. अक्षर त्याचं, शब्द त्याचे, आणि मला एक ओळ लागेना. 'अठरा, कात्री, मोजणी दोनवर.' दुसऱ्या पानावर नुसतं 'एकोणीस'. बाजूला गोल, फुल्या आणि बाण. तासभर बघत बसले. त्याच्या हाताचा वास वहीला अजून येतो असं वाटलं. मग वही मिटली.

९ सप्टेंबर, सोमवार

स्टॅन क्रुपाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. स्टॅन विन्सच्या पहिल्या काही संघांतला, मधल्या जागेवर खेळायचा, संघाला डाव सांगणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू देणारा. आता पंचावन्नचा आहे आणि पोटाने त्याहून मोठा. मला तो पहिल्यापासून कोचीणबाई म्हणतो.

"कोचीणबाई, बेचाळीस वर्षांनी आठवण झाली होय खेळाची? कोच असते तर चक्कर येऊन पडले असते."

"तू शिकव. थट्टा नंतर कर."

त्याने काउंटरवर नट मांडले. सोप्या भाषेत सांगितलं. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाआधी कोच एक डाव पाठवतो. डावाच्या आकड्यातला पहिला अंक म्हणजे चेंडू कोण घेऊन पळणार. दुसरा अंक म्हणजे फळीतल्या कुठल्या फटीतून. सम अंक उजवीकडच्या फटी, विषम डावीकडच्या. क्वार्टरबॅकचा अंक एक.

"म्हणजे अठरा?"

"क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन पार उजव्या टोकाने. एकोणीस म्हणजे तोच डाव डावीकडून. बघा, आलं की तुम्हाला!"

मला खरंच बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

१४ सप्टेंबर

आज इशारे शिकले. गोंगाटात शब्द ऐकू जात नाहीत म्हणून कोच कडेला उभा राहून हाताने डाव सांगायचा. पण समोरचा संघही बघत असतो. म्हणून तो नाकाला हात लावायचा, कोपर चोळायचा, मांडीवर थाप मारायचा, आणि यातलं बहुतेक सगळं खोटं. पट्ट्याच्या बकलाला हात गेला की त्याच्या पुढचा इशारा तेवढा खरा. बाकी धूळफेक.

स्टॅन म्हणाला, "तो बकल आम्हालाही माहीत नसायचा बरं का. फक्त कोच आणि क्वार्टरबॅकला; आम्हाला पुढे कितीतरी वर्षांनी कळला. आम्ही आपले घोळक्यात डोकी घालून उभे. मायलो सांगेल ते ऐकायचं. आणि मायलोने सांगितलं की काय झालं ते सगळ्या गावाला—"

मग तो थांबला. मायलो माझा धाकटा भाऊ आहे हे तो क्षणभर विसरला होता.

"माफ करा," तो म्हणाला.

"चालू दे," मी म्हटलं.

टोपीच्या कडेला उजवा हात, अठरा. डावा हात, एकोणीस. वहीत उतरवून घेतलं.

१६ सप्टेंबर

स्टॅनचं बोलणं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

आईवडील गेल्यावर मायलो आमच्याकडेच राहायला आला. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. विन्स तेव्हा दुय्यम कोच होता, डाव पाठवायचं काम त्याचं. मायलो त्याचा क्वार्टरबॅक. एकाच टेबलावर दोघं नाश्ता करायचे. ८ नोव्हेंबर १९८६ ला ओल्डहॅमच्या मैदानावर शेवटचा सामना होता. चार गुणांनी मागे, शेवटचा प्रयत्न, गुण मिळायची रेषा दोन यार्डांवर. उजवीकडे कुणीच नव्हतं म्हणतात. मायलोने घोळक्यात एकोणीस सांगितला, सगळे डावीकडे गेले, आणि तिथे पाचजण त्याच्यावर पडले. संपलं.

विन्सने वर्तमानपत्राला सांगितलं, "मी अठरा पाठवला होता. पोराने उलटा वाचला. सतरा वर्षांचा आहे, त्याला माफ करा." गावात सगळ्यांना विन्सचा मोठेपणा वाटला. मलाही. कॉलेजचा जो माणूस मायलोला बघायला आला होता त्याचा फोन पुन्हा आला नाही. जानेवारीत विन्स मुख्य कोच झाला.

मायलो घरी म्हणाला होता की त्याने डावा हात पाहिला. मी सूप वाढत होते. मी म्हटलं, "विन्स इतकी वर्षं हेच करतोय, त्याला कळत नाही का? जाऊन संघाची माफी माग." विन्स मान खाली घालून सूप पीत होता. मायलो सोमवारी गेला आणि माफी मागून आला.

तेव्हापासून तो गावाचा उलटा मायलो. जिल्ह्याच्या रस्ते खात्यात ट्रक चालवतो, बर्फ काढतो. लोक अजून विचारतात, ट्रकला पुढचा गिअर आहे का रे. विन्स मात्र हे नाव आमच्या घरात कुणाला घेऊ द्यायचा नाही. एकदा माझ्या चुलतभावाला जेवणावरून उठवलं होतं. रस्ते खात्यातली नोकरीही विन्सनेच शब्द टाकून मिळवून दिली. दर नोव्हेंबरात मायलोच्या गाडीचे टायर स्वतः बदलून द्यायचा, कुडकुडत. इतकं मोठं मन असणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

बॉयलर बंद पडला. हमीपत्र शोधायला तळघरात गेले. विन्सच्या अक्षरात 'बॉयलरचे कागद' लिहिलेला बुटाचा खोका. आत एकही कागद नाही. एक व्हिडिओ फीत, तिच्यावर तारीख, ८.११.८६, आणि ओल्डहॅमच्या शाळेचा शिक्का.

बॉयलरच्या कागदांना मी कधी हात लावत नसे. ते त्याचं खातं होतं.

स्टॅनकडे जुनं यंत्र आहे. उद्या आणते.

२२ सप्टेंबर

पाहिली. चित्रण त्यांच्या शाळेने केलेलं, मैदानाच्या पलीकडून, त्यामुळे आमची बाजू समोर दिसते. विन्स अठ्ठावीस वर्षांचा. केस केवढे होते. मी फीत तीन वेळा थांबवली, खेळासाठी नाही.

शेवटच्या डावाआधी तो नाक चोळतो, कोपर चोळतो. मग बकल. मग टोपी. हात पडद्याच्या उजव्या अंगाला होता, अगदी स्वच्छ. अंगठ्यावरची पांढरी पट्टीसुद्धा दिसली. त्या गुरुवारी गाडीच्या दारात बोट चेमटलं होतं, मीच बांधली होती ती.

उजवा. म्हणजे अठराच. विन्स खरं बोलत होता.

इतकी वर्षं मनात कुठेतरी काहीतरी होतं हे आज कळलं, कारण ते गेल्यासारखं वाटलं. मायलो कधी काही चुकीचं वाचत नसे, शाळेत नाही, घरी नाही. ते मला तेव्हाही खटकलं होतं. आता नाही. रात्रीची गोळी न घेता झोपेन म्हणते.

बोलायला हाच डाव घेऊ का? नको. मायलोला उगाच त्रास.

२६ सप्टेंबर

यंत्र परत करायला गेले तर स्टॅन म्हणाला, परीक्षा घेतो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो शिडीपाशी उभा राहिला, मी काउंटरपाशी. बकलाला हात लावून त्याने टोपीला हात लावला.

मी म्हटलं, "अठरा."

"नापास! एकोणीस."

"असं कसं? हात तर इकडे आहे, माझ्या उजवीकडे."

"तुमच्या उजवीशी काय करायचंय, कोचीणबाई? हात कुणाचा आहे ते बघा. समोर उभा माणूस उलटा असतो. हा माझा डावा." त्याने हात वर करून हलवला. "पहिल्या आठवड्यात प्रत्येक नवा क्वार्टरबॅक हीच चूक करतो. म्हणून तर आम्हाला मायलोचं नवल वाटलं. तीन वर्षं खेळलेला पोरगा, आणि चूक पहिल्या आठवड्याची."

मी यंत्र परत दिलं नाही. म्हटलं, अजून दोन दिवस लागेल.

घरी येऊन कोटही न काढता फीत लावली. पट्टी बांधलेला हात. विन्स गाडीतून उतरून डाव्या हाताने दार लोटायचा, नेहमीच. त्या गुरुवारी डावा अंगठा चेमटला. पट्टी बांधून झाल्यावर लगेच त्याने शाळेचे फॉर्म भरले, उजव्या हाताने, आणि मी म्हटलं होतं, नशीब डावा होता.

डावा हात टोपीला गेला. एकोणीस.

मी पुन्हा पाहिली. पुन्हा. मग थांबवून तशीच ठेवली. तो टोपीला हात लावून उभा आहे आणि मायलो त्याच्याकडे बघून मान डोलावतोय.

२७ सप्टेंबर

काही लिहायचं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर मायलोकडे गेले. तो अंगणात ट्रकला रस्त्यावरच्या बर्फावर मीठ पसरायचं यंत्र जोडत होता. अजून बर्फाला दोन महिने आहेत, पण त्याचं सगळं वेळेआधी असतं.

मी म्हटलं, "बॉयलरच्या खोक्यात एक फीत मिळाली."

त्याने पाना खाली ठेवला नाही. "पाहिलीस?"

"तुला माहीत होती?"

"असेल कुठेतरी असं वाटायचं. त्याने ओल्डहॅमहून मागवून घेतली होती."

"मायलो, तो डावा हात होता."

"हो. मला माहीत आहे गं. मी तिथे होतो."

मी पायरीवर बसले. त्याने सांगितलं ते असं. एप्रिल १९८७ मध्ये विन्स त्याला गाडीत घेऊन नदीपर्यंत गेला. तिथे गाडी थांबवून रडला. म्हणाला, हात चुकला, घाईत कुठला वर गेला कळलंच नाही, मग पत्रकार समोर आला आणि तोंडातून अठरा निघून गेलं. फीत पाहिल्यावर खात्री पटली. म्हणाला, तू म्हणशील तर उद्या सगळ्यांना सांगतो. पण इर्मा दवाखान्यात आहे, तिला आत्ता हे झेपायचं नाही.

तो महिना मला आठवतो. बाळ पाचव्या महिन्यात गेलं. पुन्हा राहिलं नाही.

"मग मी म्हटलं, राहू दे आत्ता," मायलो म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर विषय निघाला नाही."

"अडतीस वर्षं?"

"इर्मी, हात चुकला ते जाऊ दे. हात कुणाचाही चुकतो. आणि पुढे त्याने माझ्यासाठी केलंही पुष्कळ. ही नोकरी—"

"मला टायरचं सांगू नकोस."

तो पुन्हा यंत्राकडे वळला. मी म्हटलं, "माझं बाळ गेलं आणि तुम्ही दोघांनी त्याच्याआड हे लपवलं. मला न विचारता. मी रोज विन्सबरोबर जेवत होते."

"विचारलं असतं तर तू त्याला सोडलं असतंस."

"ते माझं मी ठरवलं असतं."

मायलोने पाना फडक्याने पुसला, खूप वेळ पुसला. मग म्हणाला, "बारा तारखेला काही बोलू नकोस. माणूस गेला. मला सवय झाली आहे."

मी काही कबूल केलं नाही.

४ ऑक्टोबर

विन्सची घडी केलेली शर्टं अजून कपाटात आहेत. द्यायला काढली होती, परत ठेवली, परत काढली. सप्टेंबरपर्यंत मला त्याची आठवण यायची. आता आठवण येते ती कुणाची हे ठरवता येत नाही. मध्येच डोळे भरून येतात आणि मग राग येतो की हे पाणी त्याच्यासाठी का.

तो मला सामन्याला बोलवायचा नाही. मी समजायचे, कंटाळेन म्हणून.

नोंदणीत कधी चुकीचं खत सापडायचं. हद्द उत्तरेला लिहायची ती दक्षिणेला लिहिलेली. आम्ही जुनं पान फाडत नसू. बाजूला दुरुस्तीची नोंद करायची, तारीख घालायची, सही करायची. त्यासाठी मालक हयात असावा लागतो असं कुठे लिहिलेलं नाही.

पण मायलो नको म्हणाला आहे. तो हयात आहे. त्याचं ऐकायला नको का? एकदा त्याचं ऐकलं नाही म्हणून तर हे झालं. आता पुन्हा ऐकलं नाही तर मी तीच, आणि ऐकलं तर विन्सला हवं होतं तेच.

८ ऑक्टोबर

मिसेस टॉलिव्हरचा फोन. "तयारी झाली का? कुठला डाव घेताय?"

"एकोणीस," मी म्हटलं.

"वा, मला त्यातलं काही कळत नाही हं."

"मलाही कळत नव्हतं."

१२ ऑक्टोबर, शनिवार

ऊन चांगलं होतं. माणसं पुष्कळ. शहाऐंशीच्या संघातले नऊजण जुनी जाकिटं घालून रांगेत उभे होते, बटणं कुणाचीच लागत नव्हती. स्टॅनने मला अंगठा दाखवला. मायलो आत आला नाही, फाटकाच्या कुंपणाला टेकून उभा होता.

मी कागद नेला नव्हता. जे बोलले ते जवळजवळ असं:

"मला माझ्या नवऱ्याचा एक डाव सांगायला बोलावलं आहे. ८ नोव्हेंबर १९८६, शेवटचा डाव. विन्सने इशारा दिला तो एकोणीसचा. माझा भाऊ मायलो सबोल याने एकोणीस वाचला, एकोणीस सांगितला आणि एकोणीस पळाला. आपण अठरा पाठवला होता असं विन्सने नंतर सांगितलं. ते खरं नव्हतं आणि त्याला ते माहीत होतं. मी फीत पाहिली आहे, कुणाला बघायची असेल तर माझ्या घरी आहे. मायलोला माफी मागायला मी लावली होती. ती त्याने मागायची नव्हती."

कापड ओढलं नाही. दोरी हातात होती ती खाली ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक बाई म्हणाली, "मेलेल्या माणसाबद्दल! आणि स्वतःची बायको!" बँडवाल्यांना कुणी काय खूण केली देव जाणे, त्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली.

स्टॅन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तोंड लाल झालं होतं. "कोचीणबाई, आम्ही त्याला... माझ्या पोरांनासुद्धा मी ते नाव शिकवलं." एवढं बोलून तो कुंपणाकडे गेला. पण मायलो तिथे नव्हता.

१५ ऑक्टोबर

मायलो फोन उचलत नाही. पाटी झाकलेलीच आहे म्हणे. शाळेची समिती बसणार आहे. दोन बायकांनी दुकानात मला पाहून वाट बदलली. तिघंजण फीत बघायला येऊन गेले. एकाने जाताना कोचाच्या फोटोकडे पाहिलं आणि टोपी काढायची की नाही ते त्याला ठरवता आलं नाही.

मी केलं ते मायलोसाठी केलं की विन्सला शिक्षा म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

दुपारी मायलो आला. दार न वाजवता आत येऊन स्वयंपाकघरात बसला, लहानपणी बसायचा त्याच खुर्चीत. मी कॉफी ठेवली.

तो म्हणाला, "आता कुणी उलटा म्हणत नाही."

"बरं झालं."

"काय बरं झालं? त्याची मला सवय होती. हसून पुढे जायचं. आता जो भेटतो तो हात धरून उभा राहतो. काल पेट्रोलपंपावर एक म्हातारा रडला. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, मायलो, तेव्हाच का नाही बोललास? या प्रश्नाला काय उत्तर देऊ? मी नको म्हटलं होतं तुला."

"हो. म्हटलं होतंस."

"मग?"

"मला तुझ्यावरही राग होता. अजून आहे."

त्याने मान हलवली. नाराज होता, पण उठून गेला नाही.

मी म्हटलं, "पण तो प्रश्न मलाही विचारायचा आहे. इतरांना नाही, मला का नाही सांगितलंस? नंतर, कधीही. मी शंभर वेळा तुझ्या घरी एकटी आले आहे."

त्याने कप हातात घेतला, प्यायला नाही. रागाने बोलेल असं वाटलं होतं, पण आवाज अगदी साधा होता.

"मी सांगितलं होतं, इर्मी. पहिल्याच दिवशी, याच टेबलावर. तू सूप वाढत होतीस. मग मी वाट बघितली, तू परत कधीतरी विचारशील म्हणून. तू कधी विचारलंच नाहीस."

मी शेगडी बंद केली, त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

तो सकाळपासून सांगू लागला. बसमध्ये कोण कुठे बसलं होतं, कुणाचा बूट फाटला होता, सगळं. शेवटच्या डावापर्यंत यायला त्याला तास लागला. मी मध्ये एकदाही बोलले नाही.